शनिवारचे कुलूप

कळंबच्या आमच्या वाड्याच्या रस्त्याकडील ओसरीत सध्या माझ्या पुतण्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. ‘आठवड्याचे सातही दिवस उघडे’ अशी पाटी त्याने मोठ्या हौसेने लावली आहे. त्या पाटीच्या मागे भिंतीवर जुन्या रंगाची दोन अक्षरे अजून दिसतात: ‘बंद’. त्याच्या आधीचा ‘शनिवारी’ हा शब्द चुन्याखाली गेला. गेल्या दिवाळीत वाडा रंगविताना पुतण्या ती दोन अक्षरेही पुसणार होता. मी नको म्हटले. का नको, ते त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. ते आता इथे सांगतो.

१९५९ साली, म्हणजे मराठवाडा मुंबई राज्यात येऊन तीनेक वर्षे झाली असताना, रस्त्याच्या कामावर एक ओव्हरसीअर कळंबला बदलून आले आणि आमच्या वाड्यात भाड्याने राहू लागले. आमच्या गावाला तोवर बाहेरचा अधिकारी म्हणजे हैदराबादकडचा, उर्दू बोलणारा. हे साहेब कोकणातले, अलिबागेकडचे. आडनाव गावावरून पडलेले, शेवटी ‘कर’. बोलणे आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांच्या आई, म्हणजे आम्हा मुलांच्या ‘कोकणच्या आजी’, नऊवारी नेसत, गळ्यात मंगळसूत्र घालीत. आमच्या आजीने पहिल्याच दिवशी त्यांना विचारून घेतले, “तुम्ही कोणच्या म्हणायच्या?” त्या म्हणाल्या, “आम्ही बेने इस्रायल. आमच्याकडे आम्हाला शनवारतेली म्हणतात.”

इस्रायल हे काय ते आमच्या आजीला ठाऊक नव्हते. तेली ठाऊक होते. तेवढ्यावर ओळख पक्की झाली.

पुढे संध्याकाळच्या गप्पांतून त्या हकीकतीचा एकेक पदर उलगडत गेला. फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरागत कथा. त्यांच्याजवळ ना पोथी उरली ना पुरोहित. खवल्यांवाचूनचे मासे खायचे नाहीत, मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची आणि शनिवारी घाणा जुंपायचा नाही, अशा मोजक्या गोष्टी त्यांनी शेकडो वर्षे सांभाळल्या. गावांनी त्यांना नाव दिले ते या तिसऱ्या गोष्टीवरून. शनिवारी तेल काढले नाही तर धंदा बुडत कसा नव्हता, असे मी एकदा विचारले. त्यावर आमच्या आजीनेच परस्पर उत्तर दिले, “अरे, शनिवारी तेल विकत आणतं कोण? मारुतीला घालायचं तेही आदल्या दिवशी आणून ठेवायचं!” दोन्ही म्हाताऱ्या खूप हसल्या. हे अर्थशास्त्र कितपत खरे आहे, देव जाणे.

आमचे घर लिंगायत शेतकऱ्याचे. सोमवार हा नंदीचा वार, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, हा आमच्या आजोबांचा दंडक. भर पेरणीत वाफसा आला तरी सोमवारी औत उभे. त्यामुळे शेजारच्या खोल्यांत शुक्रवारी दिवस मावळताना तेलाचा दिवा लागतो, मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हटली जाते आणि मग शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत चूल पेटत नाही, याचे आमच्याकडे कुणाला नवल वाटले नाही. त्यातून त्यांच्या रीतीने कापलेले मांस कळंबात मिळणे शक्य नव्हते. त्यामुळे ते इथे शाकाहारीच झाले होते, आणि आमच्या घरी जेवायला त्यांना काही अडचण नव्हती.

अडचण होती ती ओव्हरसीअरसाहेबांची. त्या काळी सरकारी कचेरी शनिवारी अर्धा दिवस चाले. साहेब दर शनिवारी सकाळी सायकल काढून कामावर जात आणि आजी तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसत. मुलाला त्या एका शब्दाने बोलत नसत. पण तो परत आला की त्याच्या पुढे थंड भाकरी ठेवताना म्हणत, “तुझा बाप घाण्यावर चार आणे मिळवी, पण शनवार त्याचा होता.”

या एका वाक्यात त्या समाजाचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे, हे मला फार पुढे समजले. घाणा आपला, बैल आपला, तोवर शनिवारही आपला. माणूस दुसऱ्याच्या पगारावर गेला की वार त्याचा राहत नाही. हे लोक कोकणातून मुंबईला गेले, कंपनीच्या पलटणीत शिरले, सुभेदारी मिळविली. त्यांतल्याच समाजी हसाजी दिवेकरांनी टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. मग रेल्वे, तारखाते, इस्पितळे, बांधकामखाते. मुंबईच्या गिरणी कामगाराला हक्काची सुटी मिळाली ती १८९०मध्ये, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने. पण तीही रविवारची. शनिवार मागणारे हात थोडे, त्यांचे कोण ऐकणार? समाजाने शिक्षण घेतले, माणसे मोठी झाली. डॉ. ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा इस्पितळात हजारो बाया सोडविल्या आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ओव्हरसीअरसाहेब ही नावे मुलाला पाठ करून सांगत. आजी म्हणत, “दाक्तर हो. जीव वाचवायला शनवार मोडला तर देव रागवत नाही, तसा धर्मच आहे.” पण मुलाला रक्त पाहिले की घेरी येई!

हा मुलगा माझा मित्र. आम्ही एकाच बाकावर बसत होतो. अकरावीच्या परीक्षेत भूमितीचा पेपर शनिवारी आला. लिहिणे हेही त्यांच्या शास्त्रात काम. वडील म्हणाले, लिही. आजी काही म्हणाल्या नाहीत. त्याने पेपर लिहिला, उत्तम गुण मिळविले. पण त्या दिवशी घरी आल्यावर त्याने शाई लागलेले बोट दगडाने घासून घासून लाल केले, ते मी पाहिले आहे.

पुढे तो यंत्रकाम शिकला. १९६७ साली एका मोठ्या कचेरीचे मुलाखतीचे बोलावणे आले. पगार वडिलांच्या शेवटच्या पगाराइतका, निवृत्तिवेतन वेगळे. मुलाखतीचा दिवस शनिवार. घरात दोन रात्री कुणी नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला नदीकडे नेले. मांजरेच्या वाळूत बसून मी त्याला जे सांगितले, त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटले, “अरे, परक्या गावी कोण बघायला बसलंय? जा, दे मुलाखत, आजींना रविवार होता म्हणून सांगू.” तो हसला, बरे म्हणाला.

शुक्रवारी एस. टी.ने तो गेला. रविवारी रात्री परत आला. “निवड झाली नाही,” एवढेच सांगितले. वडिलांनी कपाळाला हात लावला. निजताना गच्चीवर त्याने मला खरे सांगितले. तो मुलाखतीला गेलाच नव्हता. शुक्रवारी दिवे लागायच्या आत धर्मशाळेत पोचला, आजीने बांधून दिलेले खाल्ले आणि शनिवार सगळा तिथल्या कट्ट्यावर बसून काढला. समोरच्या रस्त्याने मुलाखतीची मुले कागदाच्या भेंडोळ्या घेऊन जाताना त्याला दिसत होती. मी विचारले, “मग गेलास कशाला?” म्हणाला, “जायला निघेपर्यंत मला देखील ठाऊक नव्हतं. आणि न जाता इथं बसलो असतो, तर बाबांना माझ्यावर रागवावं लागलं असतं. नशिबावर रागावणं त्यांना सोपं.” हे गुपित मी त्याच्या वडिलांच्या मृत्यूपर्यंत सांभाळले. त्यांना ते अगोदरच ठाऊक होते की काय, अशी शंका मात्र मला पुढे येत राहिली.

१९६८ साली साहेबांची बदली झाली. मुलगा आणि आजी कळंबातच राहिले. आमच्या वडिलांनी ओसरी दिली आणि त्याने ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीचे दुकान टाकले. विहिरीवरची मोट जाऊन इंजिने येण्याचे ते दिवस, काम भरपूर. नोझल साफ करणे, रिंगा बदलणे, न चालणाऱ्या इंजिनाला हँडल मारून घाम काढणे. आजी ओसरीच्या उंबऱ्यावर बसून म्हणत, “फिरून तेलातच आलो.” पाटी त्याने स्वतः रंगविली. रविवारी दुकान उघडे, शनिवारी बंद. शुक्रवारी सूर्य कलला की कुलूप लागे. गावाने दोन महिन्यांत ते अंगवळणी पाडून घेतले. पुढे पुढे तर लोक त्या कुलपावरून वार ओळखीत.

तरी तंटा झालाच, आणि तो आमच्याच घरात. १९७०च्या वैशाखात आमच्या विहिरीवरचे इंजिन शुक्रवारी संध्याकाळी बसले. कांद्याचे रोप वाफ्यात होते. वडील शनिवारी पहाटेच त्याच्या दारात गेले. तो नम्रपणे म्हणाला, “काका, आज रात्री चांदण्या दिसल्या की येतो, रातभर बसतो.” वडील संतापून परत आले; ओसरी खाली करून घेतो, इथवर त्यांची मजल गेली. तेव्हा आमची आजी माजघरातून म्हणाली, “तुझे बैल सोमवारी बसतात ते तुला चालतं. त्याचे हात शनिवारी बसले तर का खपू नये?” वडील गप्प झाले. दिवसभर आम्ही घागरींनी पाणी घातले. निम्मे रोप गेले, निम्मे राहिले. रात्री तो आला, पहाटेपर्यंत इंजिन जोडले आणि मजुरी पुरती मागून घेतली. निम्मी नव्हे, पुरती! वडिलांना त्याचा राग येण्याऐवजी समाधानच वाटले.

मग १९७२चा दुष्काळ आला. गुरे विकली गेली, माणसे खडी फोडायला गेली. अशाच एका शनिवारी सकाळी शेजारच्या एका वस्तीवरचे पाचसहा जण बैलगाडी घेऊन आले. इंजिन बंद. तो उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, “पाणी पिकाचं की पिण्याचं?” पिण्याचे, असे उत्तर आले. त्याने आजीकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. कुलूप काढले, पाने-पक्कड घेतली आणि गाडीत बसला. दुपारी परतला तो धुळीने माखून. पैसे घेतले नाहीत; दुसऱ्या दिवशी आणून दिले तेही घेतले नाहीत. महिनाभराने दुसऱ्याच एका बागाईतदाराने हीच युक्ती केली, पिण्याचे पाणी म्हणून त्याला शनिवारी नेले. विहिरीपाशी लिंबोणीची बाग पाहून तो इंजिनाला हात न लावता झाडाखाली बसून राहिला. चांदण्या निघाल्यावर काम केले आणि त्याचे दाम मात्र चोख वाजवून घेतले. ही गोष्ट कळंबच्या बाजारात पुष्कळ दिवस रंगवून सांगितली जाई.

धंदा त्याने बरोबर निवडला, असे आम्ही सगळे म्हणत होतो. पण त्यांच्या धर्मात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, हे आमच्या हिशेबात नव्हते. कळंबात तो एकटा. उपासाच्या मोठ्या दिवसासाठी दर वर्षी पुण्याला रास्ता पेठेतल्या मंदिरात जाई. आजी गेल्या तेव्हा दहा माणसे कुठून आणणार? आम्ही वाड्यातले आणि शेजारचे मोजून पंधरा पुरुष अंगणात हात जोडून उभे होतो. त्याने एकट्यानेच प्रार्थना म्हटली. शेवटी आमच्याकडे पाहून म्हणाला, “मोजायला पुरेसे आहात. चालत नाही, एवढंच.” त्याच्या आवाजात कडवटपणा नव्हता, त्यामुळेच मला ते फार लागले. लग्नाचेही तेच. मुंबई-ठाण्याच्या मुली कळंब कुठे आहे, असे विचारीत. नोकरी न करून शनिवार मिळाला होता; पण त्या शनिवारी शेजारी उभे राहायला कोणी नव्हते. १९७९ साली तो इस्रायलला गेला. हत्यारे माझ्या भावाला दिली, कुलूप मात्र बरोबर नेले.

तिकडे लोद गावी त्याचे घर आहे. आल्यावर पहिल्याच पत्रात त्याने लिहिले होते की, इथे शनिवारी सगळा बाजारच बंद असतो. त्यामुळे माझ्या शनिवाराला कुणी विचारीत नाही, जरा चुकल्यासारखे होते. २००६ साली तो एकदा येऊन गेला. ओसरीसमोर बराच वेळ उभा होता. भारतात त्याच्या समाजाची आता थोडीच माणसे राहिली आहेत. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला आणि २०२० पासून सरकारी कचेऱ्यांना शनिवारची सुटीही मिळाली, हे मी त्याला फोनवर कळविले. तो म्हणाला, “बाबांना हे साठ वर्षं आधी मिळायला हवं होतं.”

परवा दिवाळीसाठी म्हणून त्याचाच फोन आला. नात परिचारिका झाली आहे, इस्पितळात शनिवारीही पाळी असते. “आजीचं खरं झालं,” म्हणाला, “जीव वाचवायचं काम. ती शनिवारी कामाला निघाली की मी दारापर्यंत जातो.” मग इकडच्या चौकश्या. ओसरीत काय आहे? मोबाइलचे दुकान, मी म्हटले. शनिवारी बंद असते का? नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता.

“आणि सोमवारी बैल?”

“बैल कुठले रे आता? ट्रॅक्टर आहे.”

“तो तरी थांबतो का सोमवारी?”

“डिझेल संपलं तर,” मी म्हटले. तो इतका हसला की त्याला खोकला लागला आणि बायकोने त्याच्या हातून फोन काढून घेतला.