हिरव्या पाण्याचा हिशेब

लिटरमागे अर्धा ग्रॅम. स्पिरुलिना या शेवाळाच्या उघड्या टाकीत साधारण एवढाच माल असतो. किलोभर कोरड्या भुकटीसाठी दोनेक हजार लिटर पाणी गाळायचं. टाकी गच्च हिरवी दिसते आणि नवखा तिथेच फसतो. शेवाळ वाढवायला फार लागत नाही. पैसे जातात ते त्याला पाण्यातून बाहेर काढण्यात.

*

मोठ्या शेतांवर हौद जवळपास सारखेच : लांबट गोल, मधे भिंत, एका बाजूला संथ फिरणारं पाणचाक. बर्कलीच्या विल्यम ऑस्वाल्ड यांनी असे हौद आधी सांडपाण्यासाठी रूढ केले. पाणी जेमतेम वीतभर. खोल करून उपयोग नाही, वरचं शेवाळच खालच्याचं ऊन अडवतं.

*

आभाळाखालच्या हौदात एकच जात टिकवायची कशी? वाऱ्याबरोबर काय काय येऊन पडतं! स्पिरुलिनाला खाण्याच्या सोड्याचं पाणी मानवतं, सामू १०च्या आसपास. तिथे बाकीच्यांचं फारसं चालत नाही. डुनालिएला ही दुसरी जात त्याहून हट्टी, मिठागरासारख्या पाण्यात राहते आणि ऊन नि मीठ सोसताना बीटा-कॅरोटीन साठवून केशरी होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात हट लगूनला तिची मोठी शेती आहे. ज्यांना साधंच पाणी लागतं, त्यांचे हौद सूक्ष्म किडे बघता बघता फस्त करतात.

*

आपलं लोणारचं तळं याच सोड्याच्या कुळातलं. तिथलं हिरवेपण बरंचसं स्पिरुलिनाच्या भावकीचं. जून २०२०मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले. रंग निघाला खारट पाण्यातल्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा. (तळं अभयारण्यात आहे. तिथे हौदाची स्वप्नं कुणी पाहू नयेत.)

*

छोट्या शेतावरची रीत. काठीला लावलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची. दोन-तीन सेंटिमीटरवरच दिसेनाशी झाली, तर माल काढायला आला. काढणी पहाटे, कारण रात्रभरात कर्बोदकं खर्ची पडून प्रथिनांचा वाटा वाढलेला असतो. पाणी कापडातून गाळायचं. स्पिरुलिनाचे धागे लांब, म्हणून ते कापडावर अडकतात. क्लोरेला या दुसऱ्या शेवाळाचे गोल कण पाण्याबरोबर निघून जातात, त्याला सेंट्रिफ्यूज लागतं, म्हणजे वीजबिल आलं. मग लगदा धुवायचा, दाबून पाणी काढायचं आणि सोऱ्यात भरून जाळीवर शेव पाडायची. हो, तोच दिवाळीचा सोऱ्या. पातळ शेव लवकर वाळते. गोळा तसाच ठेवला तर दुपारपर्यंत वास मारतो.

*

इंधनाचं वेड. अमेरिकी सरकारने १९७८ ते १९९६ शेवाळापासून तेल काढायचा कार्यक्रम चालवला, न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला उघडे हौदही केले. रात्रीच्या थंडीने तिथे उत्पादन मार खाल्लं. पुढे २००९मध्ये एक्झॉनमोबिलने ६० कोटी डॉलरपर्यंत खर्च करायची घोषणा केली आणि २०२३मध्ये हात काढून घेतला. मला यात नवल वाटत नाही. जी वस्तू ग्रॅमच्या भावाने खपते, ती पिंपाच्या भावाने कोण देणार?

*

ग्रॅमने विकण्याचा कळस म्हणजे ॲस्टाझँथिन. हेमॅटोकॉकस हा शेवाळाचा प्रकार आधी लाडाने हिरवा वाढवायचा, मग खत तोडून कडक उन्हात छळायचा. जीव वाचवायला तो लाल होतो. तो लाल रंग हेच ॲस्टाझँथिन, तेच विकायचं. इस्रायलच्या वाळवंटात, केतुरा किबुट्झवर, हे काम काचेच्या नळ्यांत चालतं.

*

बाळाच्या दुधाच्या डब्यावरचं डीएचए हे मेदाम्ल पुष्कळदा ऊन न पाहिलेल्या सूक्ष्मशैवालातून येतं. क्रिप्थेकोडिनियम नावाच्या जातीला साखर खाऊ घालून पोलादी टाक्यांत, अंधारात वाढवतात. सूर्यावर जगणाऱ्या शेवाळाच्या जाहिराती एकीकडे, आणि भरवशाचा धंदा बंद टाकीत!

*

बी-१२. स्पिरुलिनाच्या बाटलीवर ते दिसलं की शाकाहारी माणूस खूश होतो. पण त्यातलं बहुतेक छद्म बी-१२ असतं, आपल्या शरीराला निरुपयोगी. प्रथिनं मात्र खरी, वजनाच्या ६० टक्क्यांच्या आसपास. तरी दिवसाला दोन-तीन गोळ्या घेऊन किती मिळणार? वाटीभर वरण बरं.

*

स्पिरुलिनातला निळा रंग, फायकोसायनिन. २०१३मध्ये अमेरिकेने गोळ्या-चॉकलेटांसाठी त्याला परवानगी दिली. नैसर्गिक निळा दुर्मीळ, म्हणून मागणी. उष्णता त्याला सोसत नाही, आंबट पाण्यात त्याचा साका होतो. म्हणजे उकळत्या पाकात बाद, लिंबू सरबतातही बाद. दूध आटवून गार केल्यावर कुल्फीत घालायला हरकत नाही.