गठ्ठा सोडताना

माणगाव, भाद्रपद

ती. मावशीस,


पहिला तास कसा गेला, असं तू फोनवर विचारलंस. ते फोनवर सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

दुसरी-तिसरी एकत्र बसतात. दुसरीला चित्रवाचन दिलं आणि तिसरीला 42 मधून 17 वजा करायला सांगितलं. काड्यांचे चार गठ्ठे, दोन सुट्या काड्या. कातकरी वाडीवरची एक मुलगी त्या दोन काड्यांकडे बघत राहिली. दोनातून सात जाईनात. उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. तिने एक गठ्ठा उचलला, रबर बोटाने ताणून पाहिला, पुन्हा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "बाई, ह्यो सोडला तर चालंल?" मी नुसती मान हलवली. रबर निघाला, दहा काड्या पसरल्या आणि पुढचं तिचं तिने केलं. दोन गठ्ठे, पाच काड्या.

पाठाच्या टाचणात 'विद्यार्थी कृती' हा रकाना एका ओळीत भरतो ना आपण? त्या एका ओळीला केवढा वेळ द्यावा लागतो, मावशी! मूल विचार करत असताना गप्प राहणं, हेच मला या कामातलं सगळ्यात अवघड वाटतं.

आणि वेळच तर नाही. भातकापणी झाली की कातकरी वाड्यांवरची घरं वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यामुळे पोरीचं नाव पटावर राहील, पण माघात तिच्यासमोर गठ्ठा कोण ठेवणार? हंगामी वसतिगृहांची योजना आहे, ती नीट चालायला हवीच. तरी एवढ्याशा लेकीला मागे ठेवायला आईचं मन होत नसेल, तर त्या आईला मी बोल लावणार नाही.

रविवारी वडघरला साने गुरुजींच्या स्मारकावर गेले होते. आपल्याच तालुक्यात आहे ते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये गुरुजी 1924 ते 1930 एवढीच वर्षं शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. वाचणारी मुलं ती किती असणार! तरी लिहीत. तासाला जे मावत नाही ते मुलांपर्यंत पोचायला दुसरी वाट लागते, असं मी त्यातून घेतलं.

म्हणून भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हाताने लिहिलेली एक वही देणार आहे. तिच्यात हिशेब तिथलेच. मजुरी हजार विटांमागे ठरते, आणि हंगामाआधी घेतलेली उचल त्यातून कापली जाते. किती कापली, किती उरली, हे घरात निदान एकाला तरी मांडता यायला हवं. या पोरीला ते नक्की येईल.

तुझ्याकडे वजाबाकीची जुनी स्वाध्यायकार्डं असतील, तर दिवाळीआधी पाठव. कोपरे कुरतडलेले असले तरी चालतील, मी उतरवून घेईन. काकांना नमस्कार.

तुझी भाची