यू-टू, आवाज बारीक करून

चाळीस गाणी, सगळी जुनी, सगळी पुन्हा गायलेली. 'साँग्ज ऑफ सरेंडर' १७ मार्च २०२३ला आला, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डेला. डब्लिनकरांनी मुहूर्त चुकवला नाही. अल्बमचे चार भाग, चौघांची नावं. कारभार मात्र गिटारवादक एजचा. कोविडकाळात घरी बसून त्यानेच हे काम हाती घेतलं. अकूस्टिक गिटार, पियानो, मधूनच चेलो. आणि बोनो शेजारी बसून बोलल्यासारखा गातो.

*

लॅरी मलनच्या नावाचाही एक भाग आहे. पण ड्रम शोधावे लागतात. १९७६ साली शाळेच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावून ज्याने हा बँड जमवला, त्यालाच असं मागच्या बाकावर बसवलंय. मला खटकलं ते हेच. मवाळपणाबद्दल तक्रार नाही.

*

'संडे ब्लडी संडे' (१९८३). ३० जानेवारी १९७२ला डेरीत ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्यावरचं गाणं. मूळ ध्वनिमुद्रणात लॅरीचे ड्रम स्टुडिओच्या जिन्यात वाजवून घेतले होते. म्हणून ते दगडी भिंतींतून पलटण चालत आल्यासारखे घुमतात. गाण्याचा निम्मा अर्थ त्या ठोक्यांत आहे. नव्या रूपात बोनोने शब्द बदललेत, गिटारही नेटकी आहे. पण शोकसभेतल्या भाषणासारखं सभ्य वाटतं. राग कुठे गेला?

*

'स्टोरीज फॉर बॉइज' उलट. १९८०च्या पहिल्या अल्बममधलं, पोरसवदा घाईचं गाणं. तेव्हा एज एकोणीस वर्षांचा. आता साठी ओलांडल्यावर तो स्वतःच ते पियानोवर गातो. मूळ गाणं मी वर्षानुवर्षं पुढे ढकलत आलो. हे मात्र थांबवून परत ऐकलं. मुलांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या, त्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न त्या वयात त्या गाण्याला सुचणंच शक्य नव्हतं.

*

'डिझायर': एज उंच, खोट्या आवाजात गातो. एकदा ऐकावं, मित्राला ऐकवावं, झालं.

*

'वन' तर जॉनी कॅशने २००० सालीच असं उघडं करून दाखवलं होतं. म्हाताऱ्या आवाजात ते किती खोल उतरतं हे तेव्हाच कळलं. कॅशनंतर बोनोला तिथे नवं करायला फारसं उरलं नव्हतं.

*

'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम'. १५ डिसेंबर २०१९, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, जोशुआ ट्री दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम. ऑर्गनवरून गिटार हळूहळू वर येते, मग बास, मग ड्रम, आणि सगळं स्टेडियम एकदम उसळतं. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी या गाण्याने निर्माता ब्रायन इनोला इतकं छळलं होतं, की तो टेपच पुसून टाकायला निघाला होता. नवं रूप त्या चढणीला हात लावत नाही; सपाट रस्त्याने निघून जातं. सुंदर आहे, पण मला चढणच हवी.

*

काही मित्र म्हणतात, म्हातारे झाले, दमले. पटत नाही. २०२३च्याच सप्टेंबरात हाच बँड लास वेगासच्या स्फिअरमध्ये पूर्ण आवाजात उभा होता, फक्त लॅरीशिवाय. शस्त्रक्रियेमुळे तो घरी, ड्रमवर ब्राम व्हान डेन बर्ग.

*

माझी यादी: 'स्टोरीज फॉर बॉइज', 'इफ गॉड विल सेंड हिज एंजल्स', 'बॅड', 'डर्टी डे'. रात्री दहानंतर. 'संडे' आणि 'स्ट्रीट्स' जुनेच, दिवसा, शेजाऱ्यांची पर्वा न करता.