गाडीचा 'अर्थ'

शाहूवाडी तालुक्यांतील पावसाळा ज्यांनीं अनुभवला आहे, त्यांस मोटारीच्या मागील तांबड्या दिव्याचें महत्त्व सांगावयास नको. मलकापूर मागें टाकून आंबा घाटाकडे निघावें, तों धुकें इतकें दाटतें, कीं पुढील वाहनाचा तेवढा तांबडा ठिपकाच काय तो दिसतो. तो ठिपकाच खोटें बोलूं लागला, तर मागच्यानें विश्वास कोणावर ठेवावा?

आमच्या जुन्या गाडीनें गेल्या आषाढांत हाच प्रकार आरंभिला. रात्रीं ब्रेक दाबला, कीं मागील डावा दिवा उजळण्याऐवजीं मंद होई, आणि शेजारचा वळणाचा पिवळा दिवा, कोणी न बोलावतां, मिणमिणूं लागे. मलकापुरांतील एका मिस्त्रीस दाखविलें. "सर, बल्ब चांगला हाय. अर्थ गेलाय," एवढेंच तो म्हणाला. तीस वर्षें काव्याचा अर्थ सांगण्यांत घालविलेल्या मनुष्यास हें ऐकून काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी!

मिस्त्रीचा 'अर्थ' म्हणजे इंग्रजींतील पृथ्वी. रबरी चाकांवरील गाडीचा वास्तविक पृथ्वीशीं संबंध नाहीं. परंतु बॅटरीचें ऋण टोंक लोखंडी सांगाड्यास जोडलेलें असतें, आणि दिव्यांतून गेलेला प्रवाह त्या सांगाड्यांतूनच माघारी येतो. अर्धी तार वांचते. मात्र दिव्यांच्या परतीच्या तारा जेथें पत्र्यास स्क्रूनें जखडलेल्या असतात, तेथें गंज चढला कीं वाट अडते. मग प्रवाह शेजारच्या दिव्यांत उलटा शिरून दुसरी वाट शोधतो. १२ व्होल्टांच्या गाडींत २१ वॅटचा ब्रेकचा दिवा सुमारें पावणेदोन अँपियर घेतो; गंजाचा अडथळा अवघा १ ओहम असला, तरी दीड व्होल्ट तेथेंच खर्ची पडतो, व उजेड सुमारें एकतृतीयांशानें उणा होतो.

परीक्षा सोपी आहे. व्होल्टमापकाची एक सळई बॅटरीच्या ऋण टोंकास व दुसरी दिव्याच्या परतीच्या तारेस लावावी. आंकडा शून्याजवळ राहिला, तर वाट मोकळी. दिवा मात्र पेटलेला हवा. प्रवाह वाहत नसतांना गंजकी वाटहि निर्दोष दिसते. आमच्या गाडींत आंकडा तीनांवर गेला. मिस्त्रीनें स्क्रू काढला, पत्रा काचकागदानें लख्ख घासला, वर ग्रीस लाविलें. दहा मिनिटांचें काम. दर महिन्यास नवा बल्ब घालणारे गृहस्थ आमच्या पाहण्यांत आहेत, म्हणून हें विस्तारानें लिहिलें.

हात पुसतां पुसतां त्यानें उसाच्या ट्रॉल्यांचा विषय काढला. ट्रॅक्टरापासून ट्रॉलीपर्यंत परतीची स्वतंत्र तार नसेल, तर प्रवाह जोडखिळीवाटेच येतो. खिळीस चिखल आणि ग्रीस, खड्ड्यांत हिसका बसला कीं दिवा गेला. गळिताच्या हंगामांत बांबवड्याच्या रस्त्यावर असली काळोखी ट्रॉली एकाएकीं पुढें उभी राहते, तेव्हां ब्रेकवरचा पाय थरथरतो. दुकानीं आलेल्या प्रत्येक ट्रॉलीस हा मिस्त्री ती तार आपण होऊन जोडतो. पैसे कोणी देतात, कोणी देत नाहींत.