घुमटाखाली वाचलेला कागद

बडोद्यात जन्म गेला, पण कला शाखेचा तो मोठा घुमट मी रस्त्यावरूनच पाहिलेला. १८८१ साली सुरू झालेलं बडोदा कॉलेज म्हणजेच आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ही शाखा. परवा इथल्या इतिहास विभागात मोडी लिपीवर सर्वांसाठी व्याख्यान होतं, म्हणून आत गेले.

सरांनी फळ्यावर आधी आडवी रेघ ओढली, मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. गायकवाडी कारभाराचे किती तरी कागद असेच लिहिलेले. गो. स. सरदेसायांनी ‘मराठी रियासत’ लिहायला घेतली तीही बडोद्यात, सयाजीरावांच्या नोकरीत असताना.

शेवटी मी पर्समधून आमच्या घरचा एक कागद काढला. सरांनी सावकाश वाचला. खापरपणजोबांनी शेजाऱ्याकडून साठ रुपये कर्ज घेतलं होतं.

“मग फिटलं का?” मी विचारलं.

“ते दुसऱ्या कागदात असेल.”

बाकीचे कागद मागच्या दिवाळीत आम्हीच रद्दीत घातले होते.

यंदा माळा आवराल तेव्हा मोडीचा कागद दिसला, तर आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. मी तर मोडी शिकायला लागलेय.