अमळनेरचे दुसरे मास्तर

मैत्रिणींनो, जळगाव-धुळ्याकडे तुमचं माहेर असो की सासर, अमळनेर तुम्हाला ठाऊक असणारच. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं, बोरीकाठचं गाव. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते ते. साने गुरुजी इथं शिकवत होते, हे तर मुलांनाही पाठ असतं. पण त्यांच्या आधी या गावात आणखी एक मास्तर होऊन गेले. त्यांचं नाव मात्र सहसा कुणी काढत नाही.

जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. १९१६ पासून ते इथं शिकवत. १९२१ साली इथल्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय विचारांचं ते कॉलेज इंग्रज सरकारनं १९२३ मध्ये बंद पाडलं. पुढच्याच वर्षी गुण्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं!

आपल्या खानदेशाला योगी काही नवे नाहीत. तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव योगबळानं चौदाशे वर्षं जगले, अशी आख्यायिका आहे. गुण्यांना आख्यायिका पुरेना. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या इस्पितळात आपल्या काही विद्यार्थ्यांवर त्यांनी उड्डियान आणि नौलीचे प्रयोग केले, क्ष-किरणांनी पोटाच्या आत पाहिलं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब खरोखरच कमी होतो, हे पुढं त्यांनी मोजून दाखवलं. बस्तीत पाणी वर कसं ओढलं जातं, त्याचं कोडं असं सुटलं. चमत्कार नव्हे, बरं का, साधा हवेचा दाब! (नौली मात्र पुस्तकात बघून घरी करू नका. शिकवणारं माणूस हवंच, आणि गरोदरपणी तर मुळीच नको.)

तुम्ही म्हणाल, चूल-मूल सांभाळून आम्ही कुठं नौली करणार? खरंय. पण योगात आरोग्याची सुरुवात आसनांच्याही आधी, ताटापाशी होते. हठयोगाच्या ग्रंथांत मिताहार सांगितलाय, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायचा. भरीत आणि कळण्याची भाकरी समोर असताना हे कुणाला जमलंय, ते देव जाणे! आपल्या घरांत मात्र मिताहाराचा अर्थ फार सोयीचा लावतात. सगळ्यांची जेवणं झाल्यावर बाईनं दोन घास खायचे, किंवा टाकवत नाही म्हणून सकाळची उरलेली भाजी संपवायची. हा मिताहार नव्हे. ग्रंथात तर स्निग्ध, गोड, मन प्रसन्न करणारं अन्न सांगितलंय. पतंजलींनी योगातल्या विघ्नांत पहिला क्रमांक दिलाय तो व्याधीला. म्हणजे बाईचं अंग दुखतंय, हे ‘चालायचंच’ म्हणून सोडायचं नाही.

अमळनेरला जायचं तर हिवाळ्यात जा. उन्हाळ्यात इथलं ऊन सोसवत नाही. नदीपात्रातली समाधी बघा. प्रताप शेठजींनी १९१६ साली काढलेलं तत्त्वज्ञान मंदिरही बघून या. आणि संगतीला सासूबाई असतील तर त्यांनाही आधी जेवून घ्यायला लावा.