पोहे, क्वार्क आणि वजनकाटा

इथे हॉलंडात सकाळी पावावर लोणी फासून त्यावर चॉकलेटचा चुरा, म्हणजे हाखेलस्लाख, भुरभुरतात. मुलांचं ठीक आहे हो. पण आमच्या दोघांच्याही घराण्यात मधुमेह! आशियाई लोकांनी बीएमआय 25 नव्हे, 23 पासूनच जपावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 सालीच सुचवलंय. बरं, आपले पोहे खावेत, तर साडेदहालाच पोटात कावळे. म्हणून आम्ही क्वार्ककडे वळलो. क्वार्क म्हणजे जवळजवळ आपला चक्काच. बिनसायीच्या, 'माखेरे' क्वार्कमध्ये 100 ग्रॅममागे 8-9 ग्रॅम प्रथिनं, स्निग्धांश नावालाच. फळांचा गोड क्वार्क मात्र नको, त्यात साखर घातलेली असते. सोबत भिजवलेल्या मुगाचं एक धिरडं. मग साडेबारापर्यंत डब्याची आठवण होत नाही. पाडव्याला याच क्वार्कचं श्रीखंड होतं, तेव्हा वजनकाटा पलंगाखाली!